छंदासाठी परदेशातून मागवलेल्या छोट्या पार्सलवर ड्युटी किती आणि कशी लागते?

प्रश्न विचारणारे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर आहेत. सुट्टीच्या दिवशी घरच्या छोट्या लेथवर ते वाफेच्या इंजिनांची लहान मॉडेल्स बनवतात. ब्रिटनमधल्या एका दुकानाकडून त्यांना एका उभ्या इंजिनाचा कास्टिंग संच (ओतीव भागांचा संच) आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे काही टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, मागवायची आहेत. वेबसाइटवर मालाची किंमत रुपयांत ९,६०० च्या आसपास दिसते, पाठवणुकीचे ५,००० वेगळे. त्यांनी विचारलं आहे: छोट्या पार्सलला ड्युटी माफ असते असं वाचलं, ते खरं का? पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून घेतलं तर? दोन भागांत मागवलं तर? गडहिंग्लजच्या आत्याच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या पत्त्यावर मागवलं तर काही फरक पडेल का? आणि एकूण किती पैसे बाजूला ठेवावेत?

उद्यमबागेतल्या वर्कशॉपांच्या आयातीचे कागद करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. छंदवाल्यांची पार्सलंही पुष्कळ पाहिली: खानापूरच्या एका शिक्षकांच्या दुर्बिणीच्या भिंगांपासून निपाणीतल्या एका मुलाच्या रेल्वे मॉडेलपर्यंत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा माफीचं. तुम्ही वाचलं ते अमेरिकेबद्दल असणार. तिथे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय आत जात असे. ती सवलत आधी २ मे २०२५ पासून चीन आणि हाँगकाँगच्या मालाला बंद झाली आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांच्या मालाला. युरोपीय संघानेही १५० युरोंखालच्या मालाची ड्युटीमाफी काढून टाकायचं ठरवलं आहे. आपल्याकडे विकत घेतलेल्या मालाला अशी मर्यादा नव्हतीच. पूर्वी भेट म्हणून आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंना सूट मिळे. त्या वाटेने दुकानांचा माल धडाधड ‘भेट’ म्हणून यायला लागला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ती वाट बंद केली. आता पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून ड्युटीशिवाय सुटतात त्या दोनच गोष्टी: राख्या आणि जीवरक्षक औषधं. बाकी कुठलीही भेट पूर्ण ड्युटी भरूनच घ्यायची.

म्हणजे ‘गिफ्ट’ लिहून एक पैसाही वाचत नाही. उलट पार्सल उघडल्यावर आत दुकानाचं बिल निघालं, की अधिकाऱ्याच्या मनात बाकीच्या कागदाबद्दलही शंका येते. काही विक्रेते न विचारता, गिऱ्हाइकाचं भलं करायचं म्हणून ‘गिफ्ट’ लिहितात आणि किंमत पाच-दहा पौंड टाकतात. ऑर्डर देतानाच त्यांना स्पष्ट लिहा की खरी किंमत टाका आणि ‘विकलेला माल’ असंच लिहा. दाखवलेली किंमत पटली नाही तर मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ प्रमाणे कस्टम ती नाकारू शकतं, आणि दुकानाच्या वेबसाइटवरची किंमत बघायला अधिकाऱ्याला दोन मिनिटं पुरतात. चुकीची माहिती दिलेला माल कस्टम कायदा १९६२ च्या कलम १११ खाली जप्त होऊ शकतो, वर दंड वेगळा. शिवाय वाटेत सिलिंडरचं कास्टिंग फुटलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीपुरतीच मिळते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता दर. इथे थोडा वेळ काढून वाचा, कारण सगळा खेळ इथेच आहे.

कुठलीही वस्तू देशात येताना तिला टॅरिफमधलं, म्हणजे कस्टमच्या दरयादीतलं, एक शीर्षक मिळतं आणि त्या शीर्षकाचा दर लागतो. पण वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने येणाऱ्या वस्तूंसाठी ९८०४ हे एक वेगळं शीर्षक आहे. वस्तू कुठलीही असो, तिथे एकच सरसकट दर. काही वर्षांपूर्वी या शीर्षकाखाली मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्यावर अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) असा हिशेब होता. तो सगळा मिळून ७७.२८ टक्के व्हायचा. जुन्या चर्चांमध्ये तुम्हाला हाच आकडा सापडेल आणि त्याच्या धास्तीने कित्येकांनी छंदच सोडले. आज तो आकडा लागू नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालाचा जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा गेला आणि वैयक्तिक वापराच्या मालाचा आयजीएसटी १८ टक्क्यांवर आला. मूळ शुल्क आधी २० टक्क्यांवर आलं होतं, ते २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवर आणलं. सगळं मिळून आजचा भार मालाच्या कस्टमने धरलेल्या किमतीच्या ३० टक्क्यांच्या आसपास बसतो.

हेच पार्सल ९८०४ खाली न जाता वस्तूच्या स्वतःच्या शीर्षकाखाली गेलं तर? तुमच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. टॅरिफमधलं ९५०३ हे खेळण्यांचं शीर्षक, आणि त्याच शीर्षकात ‘लहान प्रमाणातली मॉडेल्स, चालणारी असोत वा नसोत’ हेही बसवलेलं आहे. खेळण्यांचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. ते वाढवलं स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी अडवायला, पण त्याच जाळ्यात तुमचं ओतीव लोखंडाचं इंजिनही सापडतं. सुटी कास्टिंग आहेत, अजून इंजिन झालेलंच नाही, हा युक्तिवाद चालत नाही. सगळे मुख्य भाग एकत्र असलेला संच पूर्ण वस्तूसारखाच धरला जातो, आणि फक्त त्या मॉडेललाच बसणारे सुटे भागही त्याच शीर्षकात जातात.

पोस्टाच्या पार्सलला सहसा ९८०४ च लागतं. कुरिअर कंपन्यांचं तसं नसतं. त्यांचे लोक दिवसभर शेकड्यांनी कागद भरतात. बिलावर ‘मॉडेल’ किंवा ‘टॉय’ शब्द दिसला की थेट ९५०३ टाकणारेही मी पाहिले आहेत. निपाणीच्या ज्या मुलाचा उल्लेख केला त्याच्या बाबतीत हेच घडलं. विक्रेत्याने बिलावर ‘टॉय ट्रेन पार्ट्स’ असे तीन शब्द टाकले होते. पार्सल खेळणं म्हणून अडलं, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र मागितलं गेलं आणि त्याच्या वडिलांना मुंबईला फोनवर फोन करावे लागले. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची सक्ती आहे हे खरं, पण ती १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना. मोठ्यांसाठी बनवलेलं मॉडेल त्या आदेशात येत नाही. ते कागदावर लिहिलेलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

सरसकट दर प्रत्येकाच्या फायद्याचा असतोच असं मात्र नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्यांना उलटा हिशेब करावा लागतो. आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी या वस्तूंवर जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे मूळ शुल्क शून्य आहे, फक्त आयजीएसटी लागतो. अशा मालाला ९८०४ लावलं तर १० टक्के उगाच जास्त जातात. म्हणून टिळकवाडीत सर्किट जुळवत बसणाऱ्या मुलांना मी सांगतो, की कुरिअरने मागवा आणि बिलावर प्रत्येक भागासमोर त्याचं एचएसएन, म्हणजे शीर्षकाचा क्रमांक, लिहून घ्या. तुम्हाला मात्र उलटं सांगेन: पोस्टाने मागवा, आणि कुरिअरने मागवायची वेळ आलीच तर वैयक्तिक वापराच्या शीर्षकाखाली कागद भरा असं त्यांना आधीच ईमेलने कळवा.

आता तुमच्या पार्सलचा हिशेब.

९,६०० हा वेबसाइटवरचा आकडा बहुधा ब्रिटनचा २० टक्के व्हॅट धरून आहे. देशाबाहेर पाठवलेल्या मालावर तो व्हॅट लागत नाही. बरीच दुकानं भारताचा पत्ता टाकल्यावर आपोआप वजा करतात, काही छोटी दुकानं करत नाहीत, त्यांना लिहावं लागतं. ९,६०० ला १.२ ने भागलं की ८,००० राहतात. म्हणजे एका ईमेलवर १,६०० रुपये वाचले. अशी छोटी दुकानं बहुतेक एखाद-दुसरं माणूस चालवतं आणि त्यांना आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचं अप्रूप असतं, उत्तर नीट येतं.

कस्टम ड्युटी लावतं ती माल, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर. पण विमानाने आलेल्या मालाचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचं नाही असा नियम आहे, मूल्यांकन नियम २००७ मधला नियम १०. मोठ्या आयातदाराला याचं फारसं महत्त्व नसतं, कारण त्याचं भाडं तितकं नसतंच. छंदवाल्याच्या पार्सलमध्ये भाडं मालाच्या निम्म्याहून जास्त असतं, त्यामुळे हा नियम खरा आपल्या कामाचा. तुमचं भाडं ५,००० आहे, तरी धरायचं फक्त १,६००. विम्याचा आकडा वेगळा नसेल तर मालाच्या १.१२५ टक्के, म्हणजे ९० रुपये. बेरीज ९,६९०. त्यावर १० टक्के मूळ शुल्क ९६९ रुपये. मग १०,६५९ वर १८ टक्के आयजीएसटी, साधारण १,९१९ रुपये. एकूण २,८८८. अधिभार लागला तर तो मूळ शुल्काच्या दहा टक्के, म्हणजे शंभराच्या आसपास वर. या उदाहरणात मी तो धरलेला नाही. बाजूला ठेवायचे असतील तर ३,२०० ठेवा.

पूर्ण ५,००० भाडं धरून कोणी हिशेब केला, तर हीच रक्कम ३,९०० च्या वर जाते. हजार रुपयांचा फरक. आणि ९५०३ खाली गेलं असतं तर नुसतं मूळ शुल्कच ६,७८३ रुपये झालं असतं, आयजीएसटी त्यावर वेगळा. शीर्षकाबद्दल मी एवढं का लिहिलं ते या दोन आकड्यांवरून कळेल.

कुरिअर कंपनी ड्युटी स्वतः भरते आणि नंतर तुमच्याकडून घेते. त्यासाठी ती वेगळं सेवाशुल्क लावते आणि त्या सेवाशुल्कावरही जीएसटी असतो. तो सरकारी कर नाही, कंपनीचा दर आहे, आणि छोट्या पार्सलला कधी कधी ड्युटीच्या बरोबरीने बसतो. पोस्टात हा खर्च अगदी किरकोळ असतो. पार्सल मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या परदेशी टपाल कार्यालयात कस्टमपुढे जातं, तिथे ड्युटी ठरते आणि ती रक्कम बेळगावात डिलिव्हरीच्या वेळी पोस्टमन घेतो. वेळ जास्त लागतो. पण इंजिन बनवायला तुम्हाला वर्षभर लागणार आहे, दोन आठवडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं?

दोन भागांत मागवण्यात फायदा नाही. माफीची मर्यादाच नसल्यामुळे तोडून वाचवायचं काय? उलट भाडं दोनदा, सेवाशुल्क दोनदा. इथल्या दोघा-तिघांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी असंही काहींना वाटतं. भाड्यात ते परवडतं, पण एकाच नावावर एकाच वस्तूचे चार-पाच नग आले की ‘वैयक्तिक वापर’ हे म्हणणं टिकत नाही. मग आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, मागतात. स्वतःच्या वापराला आयईसी लागत नाही, विक्रीच्या मालाला लागतो.

गडहिंग्लजच्या पत्त्याचं आता सांगतो. हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो, कारण अर्ध्या घरांचे पाहुणे हद्दीपलीकडे आहेत. सीमाशुल्क केंद्राचं, आयजीएसटीही केंद्रच वसूल करतं. कर्नाटकात पार्सल आलं काय आणि महाराष्ट्रात आलं काय, दर तोच. ५९० च्या पिनला एक आणि ४१६ च्या पिनला दुसरा असं काही नाही. तोटा मात्र आहे. कुरिअर केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतं आणि पार्सलवरचं नाव त्या कागदाशी जुळावं लागतं. आत्याचं नाव टाकलं तर कागद आत्याचे, ओटीपी आत्याच्या मोबाइलवर, आणि टॅप-डाय कशाला हवेत हे विचारायला फोन आला तर उत्तरही आत्यालाच द्यायचं. वयस्कर माणसाला या भानगडीत घालू नका.

पत्त्यावरून आठवलं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण परदेशी वेबसाइटच्या यादीत अजून कुठे जुनं स्पेलिंग आहे, कुठे नवं. आधारवर तिसरंच असू शकतं. नावापेक्षा पिन कोड महत्त्वाचा. तो बिनचूक टाका, राज्य कर्नाटक निवडा आणि गल्लीचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. वडगाव, शहापूर, अनगोळ या नावांची स्पेलिंग लोक मनाला येतील तशी करतात आणि केवायसी अडकते ती नेमकी तिथे.

आखातात किंवा इंग्लंडमध्ये कोणी नातेवाईक असेल तर त्याच्या सामानातून आणणं हा सरळ कायदेशीर मार्ग आहे. २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांनी विमानाने येणाऱ्या रहिवासी प्रवाशाची ड्युटीमुक्त मर्यादा ५०,००० वरून ७५,००० रुपये केली. त्यात तुमचा संच सहज बसतो. खरेदीचं बिल सोबत असावं, आणि दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येत नाही एवढं लक्षात ठेवा. वजनाचा विचारही करा, ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील कोणाच्या बॅगेत टाकायचं म्हणजे त्या माणसाची आधी परवानगी घ्यावी लागते!

तुम्ही विचारलं नाही, पण तुमचा छंद पाहून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. कास्टिंग मागवूच नका. फक्त ड्रॉइंग मागवा.

बेळगावात बसून ब्रिटनहून ओतकाम मागवायचं याचं मला वाईट वाटतं. उद्यमबागेत आणि मच्छे-काकतीच्या बाजूला किती फाउंड्र्या आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. देशभरातल्या पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग इथे ओतले जातात. तुमचं फ्लायव्हील, बेडप्लेट आणि सिलिंडर ग्रे आयर्नमध्ये इथेच होईल, लहान बेअरिंग गनमेटलमध्ये. ड्रॉइंगची पीडीएफ बरीच दुकानं विकतात, ती ईमेलने येते आणि कस्टमच्या खिडकीपुढे जातच नाही. लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, एखाद्या जुन्या पॅटर्न-मेकरकडून करून घ्या. धातू थंड होताना आकसतो त्याची सूट आणि पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून ठेवायचा उतार (ड्राफ्ट) किती, ते तो ड्रॉइंग बघताच सांगेल. अडचण एकच: फाउंड्रीवाला दोन किलोचा एक नग ओतायला सहसा तयार होत नाही. तिथे ओळख लागते, आणि ती तुमच्याकडे आहे. त्यांच्या मोठ्या साच्याच्या कडेला तुमचा छोटा पॅटर्न बसवून घ्या. मात्र ती पीडीएफ तुमच्या वापरापुरती आहे, त्यावरून संच ओतून विकायला काढू नका.

टॅप-डाय मात्र मागवावेच लागतील. खडे बाजारात मेट्रिक मिळतं, बीएसडब्ल्यू हे दुसरं ब्रिटिश माप मिळतं, बीए मिळत नाही. आणि बीएच्या जागी मेट्रिक घालायचा मोह टाळा. ०-बीए चा व्यास ६ मिलिमीटर आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर, म्हणजे कागदावर हुबेहूब मेट्रिकचा एम-६. पण बीएच्या आट्याचा कोन ४७.५ अंश आणि मेट्रिकचा ६०. बोल्ट दोन फेरे जातो, मग अडकतो आणि जोर लावला तर पितळेचे आटे उतरतात. तुमच्यासारख्या टर्नरला हे मी सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या नवशिक्यांसाठी लिहिलं. नुसते टॅप-डाय मागवले तर पार्सल छोटं, वजन थोडं, आणि कोणी ते खेळणं म्हणून अडवायचा प्रश्नच नाही: हत्यारांचं शीर्षक ८२०७ वेगळं आहे.

इतर छंदांबद्दल दोन शब्द, कारण काही वस्तूंत ड्युटीचा प्रश्न नंतरचा, आधी आयातीलाच बंदी किंवा परवाना असतो. तयार ड्रोन किंवा जोडायचा ड्रोन-संच मागवता येत नाही, फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुटे भाग चालतात. रेडिओ लहरी सोडणारा रिमोट किंवा हॅम रेडिओ असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता बघा. बी-बियाणं आणि रोपं २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली येतात: आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर पार्सल नष्ट करतात, ऑर्किडचं कितीही दुर्मीळ रोप असो. सेकंड हँड वस्तूंची मात्र बहुतेकांना कल्पनाच नसते. लिलावाच्या साइटवरून जुनं घड्याळ, जुना कॅमेरा, जुनं इंजिन घेण्याची फार हौस असते, पण बहुतेक वापरलेला माल आयात धोरणात ‘प्रतिबंधित’ (रिस्ट्रिक्टेड) गटात आहे आणि त्याला परवाना लागतो. स्वस्त दिसलं म्हणून जुने टॅप-डाय घेऊ नका, नवेच घ्या. चीनच्या मालाचं अलीएक्सप्रेस हे लोकप्रिय ऑनलाइन दुकानही नोव्हेंबर २०२० पासून इथे बंद आहे. कोणा मध्यस्थामार्फत मागवलं तर बिल कोणाच्या नावे आहे ते आधी बघा.

समजा एवढं करूनही ड्युटी चुकीची लागली. पहिली गोष्ट, बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागा. कुरिअरने ती द्यायलाच हवी. त्यात शीर्षक, धरलेली किंमत, धरलेलं भाडं, विनिमय दर सगळं छापलेलं असतं. विनिमय दर कस्टमचा स्वतःचा जाहीर केलेला असतो, तुमच्या कार्डाच्या दराशी तो जुळणार नाही, त्यावरून वाद घालू नका. भाडं २० टक्क्यांत धरलं का आणि शीर्षक कुठलं, हे दोनच मुद्दे तपासा. चूक असेल तर पैसे भरून पार्सल ताब्यात घेण्याआधी लेखी कळवा, तेव्हा दुरुस्ती सोपी असते. एकदा पार्सल सुटलं की परतावा मागायला कलम २७ खाली एक वर्षाची मुदत आहे, पण त्याआधी मूळ आकारणी बदलून घ्यावी लागते. अपील करायचं तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे. हजार रुपयांसाठी कोणी एवढं करत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच सगळा जोर माल निघायच्या आधीच्या कागदावर द्या म्हणतो.

त्यासाठी दुकानाला आजच एक पत्र लिहा. व्हॅट वजा करून किंमत कळवा. रॉयल मेलने, म्हणजे पुढे आपल्या पोस्टानेच येईल असं, ट्रॅकिंगसह पाठवा. बाहेरच्या सीएन-२२ किंवा सीएन-२३ या कस्टमसाठीच्या टपाली कागदावर आणि आतल्या बिलावर किंमत एकच असू द्या, मालाची आणि भाड्याची रक्कम वेगळी दाखवा. वर्णनात ‘टॉय’ शब्द नको. टॅप-डाय असतील तर ‘हाताने आटे पाडायची हत्यारं, नवीन, नग अमुक’ असं इंग्रजीत लिहायला सांगा. कास्टिंगही मागवायचंच ठरलं तर ‘प्रौढ छंदकारांसाठी, १४ वर्षांवरील, यंत्रकाम न केलेले ओतीव भाग, खरेदीदाराच्या वैयक्तिक वापरासाठी’ ही ओळ जशीच्या तशी द्या. आणि त्या बिलाची एक प्रत पार्सलच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवायला सांगा, म्हणजे बघणाऱ्याला खोका फोडायची गरज कमी पडेल.